गाळलेला परिच्छेद

मोसंबीची बाग तहानलेली ठेवायचे दिवस पुन्हा आले आहेत. अंबड मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ते दिसू लागतं. गहू हिरवागार, हरभरा घाट्यावर आलेला, आणि मधेच एखादी बाग अशी उभी की पाहणाऱ्याला वाटावं, हिचा मालक गाव सोडून गेला. पानं आधी मलूल होतात, मग कडेनं वळतात, मग पिवळी पडून झाडाखाली साचतात. मालक कुठं गेलेला नसतो. तो बांधावर उभा असतो. विहिरीत पाणी असतं आणि तो ते देत नसतो.

आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. झाडाचं पाणी तोडायचं, त्याची वाढ थांबवायची, आणि ते अगदी काकुळतीला आलं की हलकं पहिलं पाणी सोडायचं. त्या पाण्याला आंबवणी म्हणतात. आंबवणी झाली की काही दिवसांत उघड्या फांद्यांवर पांढरी फुलं फुटतात आणि त्यांचा वास शिवारभर होतो. ताण कमी पडला तर फुलं येत नाहीत, नुसती पालवी येते. जास्त झाला तर झाड वाळून जातं. कधी थांबायचं हे ज्याच्या त्याच्या मातीवर असतं. कुंभार पिंपळगावच्या आमच्या बागेत ते माझा मोठा भाऊ ठरवायचा. झाडाच्या बुडातली माती उकरून मुठीत दाबायचा, मूठ उघडून बघायचा आणि काही न बोलता घरी यायचा. त्या दिवसांत तो तसाही कमी बोलायचा. झाडाला पाणी तोडलं की घरातला माणूसही कोरडा होतो, असं माझी वहिनी म्हणायची.

या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला एक परिच्छेद आठवतो. तो मी लिहिलेला नाही. मी तो काढून टाकला होता.

मी टेलिफोन खात्यात होतो. सुरुवात जालन्याच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये झाली, ट्रंक कॉल जोडून देण्यापासून. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. दोन्हीकडची माणसं लागली की आपण आपला खटका मिटवायचा, म्हणजे त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. हा नियम होता. मी तो पाळला. शेजारचे काहीजण ऐकायचे, जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायचे, कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या वाटण्या झाल्या. मी तिथून उठून जायचो. सबंध नोकरीत मी दुसऱ्याच्या बोलण्यात कान घातला नाही, हे मी आजही ताठ मानेनं सांगू शकतो. नियम दफ्तरात पाळले. घरी त्यांची गरज वाटली नाही.

निवृत्त झाल्यावर हातांना काम हवं म्हणून घरी एक छोटा संगणक बसवला. साबणाच्या डबीएवढा. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर त्याची जागा, कारण वायर तिथंच पोचत होती. बायको म्हणाली, "आता ह्यालाबी उदबत्ती दाखवायची का?" त्यावर एक फुकट मिळणारी प्रणाली चढवली. इंटरनेटवर चांगला लेख दिसला की त्याचा पत्ता तिला द्यायचा. ती तो लेख उचलून आणते, भोवतीच्या जाहिराती आणि उड्या मारणारी चित्रं झटकून टाकते आणि नुसता मजकूर घरच्या संगणकावर जपून ठेवते. तिथून तो ई-रीडरवर जातो. ई-रीडर म्हणजे हातात मावेल एवढी पाटी. पडदा कागदासारखा, डोळ्यांवर उजेड न मारणारा. हीच सोय करून देणाऱ्या कंपन्याही आहेत. पण त्या कधी दुकान आवरतील नेम नाही, आणि आपण काय वाचतो याच्यावर त्यांचा डोळा असतो. मला ते मान्य नव्हतं. मोतीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्तांत मी छाती काढून सांगायचो, "आपल्या घरात आपलं यंत्र. लेख आणि वाचणारा, मधी कोणी न्हाई."

आमच्यातला एक जुना तलाठी एकदा म्हणाला, "मधी तू हाईस की. तू काय कमी हाईस का?"

सगळे हसले. मीही हसलो. तलाठ्याला सगळ्यांच्याच सात-बारावर संशय असतो, असं म्हणून मी तो विषय टोलवला.

हे यंत्र मी खरं तर दादासाठी, म्हणजे माझ्या त्या मोठ्या भावासाठी मांडलं होतं. त्याला वाचायचं वेड. शाळा लवकर सुटली तरी वेड सुटलं नाही. बाजारात पुडीला आलेला कागदसुद्धा तो उलगडून, सारखा करून वाचायचा. म्हातारपणी डोळ्यांत दाब वाढला, मोबाइलकडे पाहिलं की पाणी यायचं. मी त्याला ई-रीडर नेऊन दिला तेव्हा त्यानं तो उलटा-पालटा करून पाहिला, बोटानं पडदा घासला आणि म्हणाला, "शाई हाताला लागत न्हाई. बरंय." मग विचारलं, "ह्याच्यात कोणाचंबी लिहिलेलं येतं?"

"तू म्हणशील त्याचं."

त्यानं ती पाटी मांडीवर ठेवली. "मंग मनीचं टाकत जा."

मनी म्हणजे मनीषा, त्याची एकुलती एक लेक. ती पुण्याला असते. शेतीबद्दल लिहिते. तिची स्वतःची वेबसाइट आहे; माती, पाणी, फळबागा यांवर ती तिथं लेख टाकते आणि ते वाचणारे पुष्कळ आहेत. बाप आणि लेक फोनवर बोलायचे, पण ते बोलणं असं:

"पाऊस झाला का तिकडं?"

"झाला. तिकडं?"

"भुरभुर झाली. ठेवू का मंग?"

"ठेवा, आप्पा."

बाहेरच्या माणसाला वाटेल यांच्यात भांडण होतं. तसं काही नव्हतं. आमच्या घराची ती रीत होती. बाप आणि लेकरू महत्त्वाचं असं काही एकमेकांशी थेट बोलत नसत. मधे चुलता लागे. पोराला पुढं शिकायचंय, पोरीला स्थळ पसंत नाही, कोणाला वेगळं निघायचंय, हे चुलत्याला सांगायचं; तो बैठकीत जाऊन बापाच्या कानावर घालायचा आणि बापाचं उत्तर घेऊन आत यायचा. बापाचा मान राहायचा, लेकराची भीड राहायची. यात चुलता प्रामाणिक असतो असं सगळे धरून चालायचे. मी स्वतः तसंच धरून चाललो होतो. कॉलेजातून परत आल्यावर मला गावी राहायचं होतं, बागेत. आमच्या काकांनी येऊन सांगितलं की, तुझ्या बापाचं म्हणणं आहे बाग एकाच्या हातची, थोरला राहील, तू नोकरी बघ. मी ट्रंक उचलली आणि जालन्याला आलो. ते म्हणणं खरंच वडिलांचं होतं की काकांचं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी उरलेलं नाही.

मनीची गोष्टही अशाच ताणाच्या दिवसांतली, पुष्कळ वर्षांपूर्वीची. ती परभणीहून शेतीची पदवी घेऊन आली होती. वहिनी ती शाळेत असतानाच गेली, म्हणून तिच्या बाजूनं बोलायला घरात बाई नव्हती. बागेला ताण सुरू होता. मी सुट्टीला गावी गेलेलो. पोरगी सकाळपासून बागेत होती, ओढणी डोक्याला बांधलेली, हातात खुरपं, गळालेली पानं उचलून त्यांच्या मागच्या बाजूला काहीतरी बघत होती. मला पाहून उठली. हात झटकले.

"नाना, आप्पाला एक विचारा ना."

"काय?"

"मला न्हाई जायचं कुठं. मी इथंच राहते. बाग मी बघते. आप्पा आता थकून राह्यलेत."

"आन लग्न?"

"होईल तव्हा होईल. बाग बघणाऱ्या बाईला नवरा मिळतच न्हाई, असं कुठं लिहिलंय का?" ती हसली. तिचे दात वहिनीसारखे होते, पुढचे दोन जरा मोठे.

दादा पलीकडच्या बांधावर होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि रीतीप्रमाणे विषय काढला. त्यानं खाली वाकून माती उकरली, मुठीत दाबली. मूठ उघडली तर ढेकूळ भुगा होऊन पडलं. तो त्याच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

"राहू दे की तिला," तो म्हणाला. "माझ्या मनातलंच बोलली ती. पण तू आत्ता काही बोलू नको. पहिलं पाणी सोडायचा दिवस येऊ दे. पाण्याचा कॉक तिच्याच हातानं खोलवतो, तव्हा मीच सांगतो तिला."

बाप आपल्या लेकीला स्वतः सांगणार होता. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं.

मी बांधावरून परत आलो. त्या थोड्या अंतरात माझ्या मनात काय झालं, ते मी पुष्कळ वर्षं चांगल्या कपड्यांत गुंडाळून ठेवलं. पोरीच्या भल्यासाठी केलं, असं म्हणत आलो. शिकलेली पोर चिखलात कशाला. पुण्यात माझ्या ओळखीच्या माणसाकडे तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती, माझा शब्द गेला असता. लोक काय म्हणतील. यातलं सगळं थोडं थोडं खरं आहे. पण त्याच्या तळाशी जे होतं ते असं: मला कोणी विचारलं नव्हतं. हिनं नुसतं मागितलं आणि हिला मिळालं. जी माती मला नाकारली गेली तिचा कॉक ही पोर आपल्या हातानं खोलणार होती. मला ते सोसलं नाही. वय झालेल्या, दोन लेकरांच्या बापाला, पुतणीचा हेवा वाटला.

ती खुरपं हातात धरून वाट पाहत उभी होती.

मी म्हणालो, "आप्पा न्हाई म्हणतात, मने."

तिनं परत विचारलं नाही. चुलत्यानं आणलेलं उत्तर परत विचारायचं नसतं. तिनं खुरपं झाडाच्या बेचक्यात ठेवलं आणि घराकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबरच जालन्याला आली, तिथून पुण्याला. दादा अंबडला खताच्या चौकशीला गेलेला. परतल्यावर त्यानं मला फोन केला.

"गेली?"

"तिकडून बोलावणं आलं नोकरीचं. जल्दी निघावं लागलं."

"काही म्हणली न्हाई?"

"पोरं ती. शहर ओढतं त्यांना."

"बरं," दादा म्हणाला.

त्या वर्षी फुलं अशी आली की फांद्या दिसेनात. गावातले लोक बघायला येत. दादा म्हणे कोणाशी बोलायचा नाही. वास घरात यायचा म्हणून मधलं दार लावून घ्यायचा.

म्हणून पुढं त्यानं "मनीचं टाकत जा" म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी जे तोडलं ते माझ्याच यंत्रानं जोडलं जातंय, असा हिशोब मी मनात मांडला. मी मनीला फोन करून सांगितलंही, "आप्पा वाचतेत बरं का तुझं, सगळं." ती म्हणाली, "खरंच?" तेव्हापासून तिच्या लेखांत बाग जास्त येऊ लागली. एका लेखात तिनं माती मुठीत दाबून बघायची पद्धत लिहिली. दादानं मला फोन करून सांगितलं, "बराबर लिहिलंय. फक्त बुडातली माती लिहायला पाहिजे होतं, वरची न्हाई." हे मी मनीला कळवलं. तिनं लेख दुरुस्त केला. बापलेकीचं इतकं बोलणं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं, आणि ते माझ्या फळीवरच्या डबीतून होत होतं. मी फुशारलो होतो.

यंत्राची एक खोड सांगायला हवी. ते लेख उचलताना कधी कधी चुकतं. एखाद्या लेखाची शेपटी तुटते, कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटतात. उलट कधी नको तो कचरा आत राहतो; लेख रंगात आलेला आणि मधेच 'हेही वाचा' म्हणून भलतीच ओळ. दादाला त्याचा वैताग यायचा. म्हणून मी दुपारी बसून त्याचे लेख हातानं साफ करायचो. यंत्र आपलं असलं की त्याच्या पोटात हात घालता येतो. नको ती ओळ निवडायची, पुसायची, जतन करायचं. पुढच्या वेळी दादानं ई-रीडर मोबाइलच्या नेटला जोडून बटण दाबलं की साफ केलेला लेख त्याच्याकडे जायचा. ज्वारीतले खडे वेचावेत तसं ते काम होतं. हाताला त्याची सवय लागली.

मग मनीनं तो लेख लिहिला, मोसंबीच्या ताणावरचा. अशाच दिवसांत. सुरुवातीला झाडाची माहिती, मुळं, माती. मध्यावर आल्यावर एका परिच्छेदात ती एकदम बापाशी बोलू लागली होती. त्यात बांध होता, खुरपं होतं, "आप्पा न्हाई म्हणतात" हे माझं वाक्य होतं. मी ते वाचलं आणि देव्हाऱ्यासमोरच्या खुर्चीत तसाच बसून राहिलो. दादानं हे वाचलं असतं तर त्याला तेव्हाच कळलं असतं की त्यानं न बोललेलं काहीतरी त्याच्या नावावर लेकीला दिलं गेलं, आणि कोणी दिलं. परिच्छेदाच्या शेवटी तिनं त्याला एक गोष्ट विचारली होती. तिला त्या गोष्टीचं उत्तर हवं होतं.

मी तो परिच्छेद निवडला. पुसला. जतन केलं. 'हेही वाचा' पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

दादा पुढच्या वेळी डोळे दाखवायला जालन्याला आला तेव्हा जेवताना म्हणाला, "मनीचं ते ताणाचं मधीच तुटलंय रे."

"यंत्र खातं कधी कधी. तुला माहितंय."

"माहितंय. बाकीच्यांचं शेपूट खातं." त्यानं भाकरी मोडली. "हिचं बराबर पोटच कसं खाल्लं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी ताकाचा पेला उचलला. म्हणालो, "बघतो. परत टाकतो."

"टाक," तो म्हणाला. नंतर त्यानं ते विचारलं नाही. एकदा विचारून झालेलं पुन्हा विचारत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांनाच शिकवलेलं आहे. तो गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही त्या बापलेकीच्या मधी पडू नका. एकदा पडला तेवढं बास झालं." तिला काय आणि किती माहीत होतं, ते मला आजही नीट ठाऊक नाही.

पुष्कळदा वाटतं, तेव्हा तरी टाकायचा होता. खोटं सापडलं असतं, दादानं चार शिव्या दिल्या असत्या, कदाचित माझं तोंड पाहिलं नसतं. पण लेकीला फोन केला असता. मी रोज उद्यावर ढकललं. बागेचा ताण मोडायला एक दिवस असतो, तो दादाला ओळखता यायचा. मला ओळखायचा नव्हता.

गेल्या भाद्रपदात दादा गेला. बागेतून येऊन ओट्यावर टेकला, पाणी मागितलं, आणि ते आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मनी आली. रडली नाही, सगळं हातानं केलं. तेराव्याला पंगती उठल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"नाना, माझं ते ताणावरचं, आप्पानं वाचलं होतं ना?"

मी म्हणालो, "वाचलं होतं."

"काही म्हणले?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. तिनं लेखात जे विचारलं होतं त्यावर तो खरंच काही म्हणाला नव्हता; तेवढ्यापुरती दोन्ही उत्तरं, शब्दाला शब्द लावून पाहिली तर, खरी होती. एवढं नीच खरं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

नंतर मी दादाचा ई-रीडर घरी आणला. त्याच्या कव्हरच्या शिवणीत काळी माती बसली होती, कोपऱ्याला अंगठ्यानं झिजवलेली जागा होती. चार्ज करून उघडला. ही यंत्रं शेवटी जिथं वाचणं थांबलं तिथंच उघडतात. तो ताणाच्या लेखावर उघडला, मध्यावर. वर एक परिच्छेद, खाली एक परिच्छेद, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वाचल्याच्या नोंदी घरच्या संगणकावर येतात; तिथं पाहिलं तर कळलं, इतर सगळे लेख त्यानं वाचून संपवले होते. हा एकच परत परत उघडला होता आणि दर वेळी तिथंच सोडला होता. ज्याला पुडीचा कागदही अर्धा ठेवता येत नव्हता, तो माणूस त्या फटीपाशी येऊन थांबायचा.

तरीही मी काही केलं नाही, हे लिहून ठेवतो. मागच्या आठवड्यात शेषरावचा फोन आला तेव्हा केलं. शेषराव दादाची बाग बटईनं करतो.

"नाना, ताई आल्या. औंदा पाणी सोडू नका म्हणल्या. बाग काढायची. जेसीबी सांगून ठेवलाय."

"का म्हणते?"

"म्हणल्या, आप्पाला मी नको होते इथं, मंग आप्पाची बाग मला कशाला. मी काय बोलणार? झाडं अजून बिलकुल चांगली हाईत नाना. ताणाला आलेली. लई दिवस न्हाई दम धरायची."

मी संगणकापुढे बसलो. तो लेख तिच्या वेबसाइटवरून पुन्हा उचलला. यंत्रानं तो अख्खा आणला, पोटासकट. त्यानं पहिल्या वेळीही अख्खाच आणला होता. दादाच्या ई-रीडरवर घेतला, पिशवीत घातला. अंबडपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी. जीपमध्ये शेजारच्या माणसानं पिशवीकडे बघून विचारलं, "काय, पाव्हणं, पोथी घेऊन चालले का?" मी हो म्हणालो.

बागेत पाऊल टाकलं की पानं करकरत होती. जेसीबी बांधाच्या पलीकडे येऊन उभा होता, त्याचा ड्रायव्हर सावलीत शेंगा फोडत होता. मनी एका झाडापाशी उकिडवी बसली होती. बुडातली माती उकरून तिनं मुठीत घेतली होती. काढून टाकायच्या झाडाची माती ती कशासाठी बघत होती, मला माहीत नाही. मी ई-रीडर तिच्यापुढे धरला. तिनं पडदा पाहिला, दोन ओळी वाचल्या आणि परत केला.

"हे मीच लिहिलंय, नाना. पाठ हाय मला."

"दादानं हे वाचलेलं न्हाई."

"तुम्हीच तर म्हणले वाचलं म्हणून."

"त्यानं वाचलं त्यात हा परिच्छेद नव्हता. मी काढला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसायला तिनं सांगितलं नाही आणि मला ते सुचलं नाही. दादा या बांधावर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. राहू दे की तिला. पाण्याचा कॉक तिच्याच हातानं खोलवतो. मीच सांगतो तिला.

तिच्या मुठीतली माती गळत होती. ती म्हणाली, "मंग हे तुम्ही आप्पाला द्यायला पाहिजे होतं. मला काय आणून देऊन राह्यले आता?"

ती उठली, तिनं हात झटकले.

"माफी मागायला आलेत का?"

"न्हाई."

"बरं झालं." तिनं ई-रीडर माझ्या हातातून काढून घेतला. या वेळी कव्हर मिटून, त्याच्या शिवणीवरून बोट फिरवून, जवळ धरला. "तुम्हाला लिहिता येतं. लिहा हे. मी लिहिलं तसंच, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं. तुमच्या त्या खोलीतल्या मशीनमध्ये न्हाई. आन तो परिच्छेद घाला त्यात. जसाच्या तसा. कानामात्रेला हात लावू नका."

शेषराव लांबून ओरडला, "ताई, जेसीबीवाल्याला काय सांगू? त्याचा दिवस चाललाय."

"आज जा म्हणावं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "बाग काढायची का ठेवायची, ते माझं मी बघीन. नाना, तुम्ही मधी पडू नका."

मी परत आलो. तिनं पाणी सोडलं की नाही, मला माहीत नाही. शेषरावला फोन लावला तर तो सांगेल. फोन उचलतो आणि ठेवतो. खटका मिटवून बसायला मी पुष्कळ आधी शिकलो होतो, तेव्हा इतकं जड कधी गेलं नव्हतं. वास्तविक या लेखात आता माझ्याकडचं काही सांगायचं उरलेलं नाही. तिनं सांगितलं होतं ते एकच काम राहिलं. तो परिच्छेद असा आहे:

"आप्पा, तुम्ही माझं वाचता असं नाना म्हणाले, म्हणून इथं लिहिते. ताण कसा द्यायचा हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी तुमच्या मुठीत पाहिलं. त्या वर्षी मी खुरपं घेऊन उभी होते आणि नाना बांधावरून आले. म्हणाले, आप्पा न्हाई म्हणतात. मी खुरपं झाडाच्या बेचक्यात ठेवलं. ते अजून तिथंच असेल तर फांदीनं धरलं असेल, काढू नका. मला राग नाही. फक्त एवढं विचारायचंय की झाड मरायच्या आत पाणी सोडायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं. मग मी अजून किती दिवस धरून राहू? एक शब्द सांगा. नाही असाच सांगितला तरी चालेल, पण तुमच्या तोंडून सांगा."